कमरेची कळ आणि विजेची सुई

बीड शहराहून दक्षिणेस सोलापूरच्या वाटेनें निघालें म्हणजे बालाघाटचे डोंगर जवळ येऊं लागतात, आणि बिंदुसरेच्या तलावाशेजारीं पाली हें गांव लागतें. येथून पुढें डोंगरपट्ट्यांत जी वस्ती आहे, तिच्यांतील हजारों कुटुंबांचें वर्ष दोन भागांत वांटलेलें असतें. दसरा-दिवाळीच्या सुमारास तीं ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात, आणि साखर-कारखान्यांचीं धुराडीं थंड झालीं म्हणजे उन्हाळ्यांत परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथें ‘एक कोयता’ असें म्हणतात. दिवसभर कमरेंत वाकून ऊस बुडख्याशीं तोडावयाचा, वाढें छाटावयाचें, मोळी बांधावयाची आणि ३० ते ४० किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून मालमोटारींत चढवावयाची, असें हें काम आहे. तें पांच-सहा महिने केल्यावर मनुष्याची कंबर आपलें गाऱ्हाणें सांगूं लागली तर त्यांत नवल नाहीं.

या गाऱ्हाण्याला मराठींत नांवें पुष्कळ आहेत, आणि तीं उगीच पडलेलीं नाहींत. उसण भरते ती एकाएकीं. ठणका लागतो तो बहुधा रात्रीं. चमक निघते ती हालचालीबरोबर. कळ जाते ती कमरेंतून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत. आणि पायाला मुंग्या येतात, आग होते, पाऊल बधिर होतें, तो प्रकार आणखी निराळा. सामान्य मनुष्य हें सारें ‘मणक्यांत गॅप पडला आहे’ एवढ्या एका वाक्यांत गुंडाळतो. वैद्यकाला मात्र हे भेद मोलाचे वाटतात. कारण दुखण्याचा निरोप कोणत्या नसेवाटे येत आहे, याचा पहिला सुगावा त्यांवरूनच लागतो.

मोठ्या शहरांतील वेदना-चिकित्सालयांत अशा जुनाट दुखण्यावर विजेच्या सुईचा एक उपचार केला जातो. पाठींत सुई घालून तिच्या टोकाशीं रेडिओ-कंपनांच्या प्रवाहानें उष्णता निर्माण करावयाची, आणि दुखण्याचा निरोप नेणारी बारीक नस त्या उष्णतेनें निकामी करावयाची, असें त्याचें स्वरूप आहे. चिरफाड नाहीं, टांके नाहींत, बहुधा त्याच दिवशीं घरीं जातां येतें. तेव्हां त्याचें आकर्षण वाटणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या कुटुंबावर मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची आहे, त्यानें आणखी कर्ज काढून हा उपचार करावा कीं नाहीं, हा प्रश्न लहान नाहीं. त्याचें उत्तर एका दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे : जी वेदना ज्याची त्यालाच कळते, दुसऱ्याला दिसत नाहीं, तिच्यावर उपचाराचा गुण आला हें ठरवावयाचें तरी कसें?

प्रथम शरीराची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. कमरेच्या भागांत पांच मणके आहेत. लागोपाठच्या दोन मणक्यांच्या मध्यें पुढच्या बाजूस एक लवचिक चकती असते, आणि मागच्या बाजूस उजवा व डावा असे दोन लहान सांधे असतात. मनुष्य वाकतो, वळतो, ओझें उचलतो, तेव्हां भार या तिन्ही ठिकाणीं वांटला जातो. मागच्या लहान सांध्यांची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या फार बारीक नसा आहेत. त्या मणक्याच्या आडव्या हाडाच्या मुळाशीं, हाडाला चिकटून जातात. प्रत्येक सांध्याला अशा दोन नसांच्या शाखा येतात. म्हणून एक सांधा मुका करावयाचा तर दोन नसा गांठाव्या लागतात.

याहून निराळ्या आहेत त्या पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसा. चकती सरकून अशा नसेचें मूळ दाबलें गेलें किंवा चिडलें, तर कळ कमरेंत न राहतां पायांत उतरते. आयुर्वेदांत हिला गृध्रसी म्हटलें आहे. दवाखान्यांत सायटिका हें नांव रूढ आहे. या मोठ्या नसेच्या मागच्या मुळावर संवेदना-पेशींची एक लहानशी गांठ असते. विजेच्या सुईचें लक्ष्य कधीं सांध्यांच्या बारीक नसा असतात, तर कधीं ही गांठ. दोन्ही उपचारांचें यंत्र एकच असलें, तरी रोग दोन आहेत, आणि त्यांच्या चांचण्यांचे निकालही निरनिराळे वाचले पाहिजेत.

आतां यंत्राकडे वळूं या. त्यांतील प्रवाहाचीं आंदोलनें दर सेकंदास सुमारें पांच लक्ष, म्हणजे ५०० किलोहर्ट्झ असतात. मध्यम लहरींवरील आकाशवाणीचा पट्टा ५३० किलोहर्ट्झच्या आसपास सुरू होतो. तेव्हां हा प्रवाह त्या पट्ट्याचा अगदीं शेजारी होय. मात्र येथें प्रक्षेपण असें कांहीं होत नाहीं. सुईच्या टोकापासून मांडीला किंवा पाठीला चिकटविलेल्या रुंद पट्टीपर्यंत प्रवाह शरीरांतूनच जातो. इतक्या जलद आंदोलनांच्या प्रवाहानें स्नायूंना झटका बसत नाहीं, ही गोष्ट फ्रान्समधील शास्त्रज्ञ दार्सोंव्हाल यांनीं १८९१ सालीं दाखवून दिली होती. झटका नाहीं, पण उष्णता मात्र निर्माण होते. या गुणाचा उपयोग करून १९२६ सालीं बॉस्टन येथें डॉक्टर कुशिंग यांनीं बोवी यांच्या यंत्रानें मेंदूवरील शस्त्रक्रियेंत रक्तस्राव आटोक्यांत ठेवला. पुढें तेंच तत्त्व सुईच्या टोकावर आलें.

सुई स्वतः तापून नसेला डाग देते, असा पुष्कळांचा समज असतो; तो बरोबर नाहीं. टोकाभोंवतालच्या मांसांतील विद्युत्‌भारित कण प्रवाहाच्या तालावर पुढेंमागें हालतात, आणि त्या घर्षणानें तें मांसच तापतें. त्याच्या संगतीनें सुई तापते. सुईच्या अंगावर विजेस रोधणारा लेप असतो. टोकाचा ५ ते १० मिलिमीटरांचा भाग तेवढा उघडा असतो. त्यामुळें तापणारा प्रदेश तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसतो. तेव्हां सुई नसेपासून थोडी जरी दूर राहिली, तरी सारा खटाटोप व्यर्थ जातो.

म्हणून प्रत्यक्ष कृति अशी असते. रुग्णाला पालथें निजवितात, कातडी बधिर करतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई हाडाच्या ठरलेल्या कोपऱ्यापर्यंत नेतात. मग जागेची परीक्षा होते. दर सेकंदास ५० वेळां येणारा मंद प्रवाह सोडला असतां नेहमींच्या दुखऱ्या जागीं मुंग्या वा कळ जाणवली, तर सुई नसेजवळ आहे असें समजतात. नंतर दर सेकंदास २ वेळां येणारा प्रवाह सोडतात. त्या वेळीं पाय उडतां कामा नये. पाय उडाला, तर पायाला चालना देणारी नस फार जवळ आहे असा त्याचा अर्थ. ही खात्री झाल्यावर तेथें औषध घालून बधिरता आणतात आणि सुमारें ८० अंश सेल्सिअस उष्णतामान एक ते दीड मिनिट ठेवतात. बारीक नस त्यानें निकामी होते. ती पुन्हां वाढूं शकते, म्हणून आलेला गुण बहुधा कांहीं महिन्यांचा, क्वचित् वर्षाहून अधिक काळाचा असतो.

मोठ्या नसेच्या गांठीवर इतकी उष्णता वापरणें धोक्याचें असतें. पाय कायमचा बधिर होण्याची किंवा नवीच आग सुरू होण्याची भीति राहते. तेथें ६७ अंशांपर्यंतचें उष्णतामान वापरून पाहण्यांत आलें. पुढें नेदरलंड्‌समधील डॉक्टर स्लायटर व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं तुटक प्रवाहाची पद्धति पुढें आणली. तींत प्रवाह अगदीं थोडा वेळ सोडून थांबतात व उष्णतामान ४२ अंशांपुढें जाऊं देत नाहींत. येथें नस जाळण्याचा उद्देश नसून तिची चिडचिड शांत करण्याचा असतो.

येथवर सर्व कांहीं तर्काला धरून आहे. नस निरोप नेते; नस बंद केली; निरोप थांबला. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत तर्काला धरून असलेले आणि तरीही निरुपयोगी ठरलेले उपचार थोडे नाहींत. याच नसांची पूर्वकथा त्या दृष्टीनें उद्बोधक आहे.

१९७१ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर रीस यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, पाठीच्या दोन्ही बाजूंस अरुंद सुरी आंत घालून या नसा तोडल्यानें १,००० पैकीं ९९८ रुग्णांना गुण आला. हा आंकडा कोणालाही थक्क करील असाच होता. सुरीमुळें रक्तस्राव होतो, म्हणून अमेरिकेंतील डॉक्टर शीली यांनीं सुरीच्या जागीं विजेची सुई आणली आणि १९७५ च्या सुमारास आपले चांगले अनुभव प्रसिद्ध केले. हा उपचार देशोदेशीं पसरूं लागला. मग १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांतीलच बोग्डुक व लाँग या शास्त्रज्ञांनीं मृत शरीरांचें बारकाईनें विच्छेदन करून पाहिलें, तेव्हां निराळीच गोष्ट उघडकीस आली. ज्या जागेवर सुरी व सुई रोखली जात होती, त्या जागीं ती नस नव्हतीच! नसेची खरी वाट तेथून दूर, हाडाच्या मुळाशीं होती. आजची सुई जेथें रोखतात ती जागा त्यांच्या या शोधामुळें ठरली.

नस तोडलीच गेली नसेल, तर इतके लोक बरे झाले ते कशानें? त्यांनीं किंवा त्यांच्या डॉक्टरांनीं खोटें सांगितलें असें मानण्याचें कारण नाहीं. जुनाट दुखणें सदा एकसारखें नसतें. तें भरती-ओहोटीप्रमाणें चढतें-उतरतें. मनुष्य डॉक्टरकडे जातो तो दुखणें शिगेला पोहोंचल्यावर. आणि शिगेला पोहोंचलेली गोष्ट पुढें बहुधा उतरतेच. शिवाय मोठा दवाखाना, यंत्राचा घरघराट, डॉक्टरांनीं पाठीवरून फिरविलेला हात, आणि इतका खर्च केला तो वायां जाऊं नये ही मनाची ओढ, या सर्वांनीं वेदना खरोखरीच कमी जाणवते. त्यांत सक्तीची विश्रांति मिळते. अशा पांच-सहा कारणांनीं आलेला उतार एकट्या सुईच्या खात्यावर जमा होतो.

बीडच्या डोंगरपट्ट्यांत या कारणांत आणखी एका मोठ्या कारणाची भर पडते, तें म्हणजे हंगाम. तोडीहून परतलेला मनुष्य चैत्र-वैशाखांत दवाखान्याची पायरी चढतो, कारण तेव्हां हाताशीं चार पैसे असतात आणि कंबर सर्वांत अधिक दुखत असते. त्या वेळीं त्याला सुई दिली आणि आषाढांत विचारलें, तर तो बरें वाटतें असेंच म्हणण्याचा संभव अधिक. पण त्या तीन महिन्यांत त्यानें एकही मोळी उचललेली नसते. सुई न देतां विचारलें असतें तरी त्यानें कदाचित् तेंच उत्तर दिलें असतें. उलट भाद्रपदांत सुई देऊन पौषांत विचारलें, तर चांगला उपचारही कुचकामी भासेल. नुसतें ‘आधीं’ आणि ‘नंतर’ पाहून निकाल देण्यांत केवढा धोका आहे, हें यावरून स्पष्ट होईल.

हा धोका टाळण्याचा एकच मार्ग आजवर सांपडला आहे. एकाच काळांत, एकाच तऱ्हेच्या रुग्णांचे दोन गट करावयाचे. कोणी कोणत्या गटांत जावें हें डॉक्टरनें किंवा रुग्णानें ठरवावयाचें नाहीं. तें चिठ्ठ्या टाकून ठरावयाचें. एका गटाला खरा उपचार द्यावयाचा. दुसऱ्या गटाला तीच खोली, तेंच क्ष-किरणांचें यंत्र, तीच सुई, तेंच बधिर करणारें औषध. फक्त शेवटीं उष्णता द्यावयाची नाहीं. यंत्राचा आवाज दोघांनाही ऐकूं येतो. कोणाला काय मिळालें हें रुग्णाला ठाऊक नसतें, आणि पुढें त्याची विचारपूस करणारालाही ठाऊक नसतें. अशा चांचणींत हंगाम, विश्रांति, विश्वास, भरती-ओहोटी हीं सारीं कारणें दोन्ही पारड्यांत सारखीं पडतात. मग जो फरक उरतो, तेवढाच उष्णतेचा.

अशा चांचण्यांचें काम विशेष करून नेदरलंड्‌समध्यें झालें. १९९९ सालीं डॉक्टर व्हान क्लीफ यांनीं ३१ रुग्णांवर सांध्यांच्या नसांच्या उपचाराची परीक्षा केली. आठ आठवड्यांनंतर खरा उपचार झालेल्या १५ पैकीं १० जणांना, तर उष्णता न दिलेल्या १६ पैकीं ६ जणांना गुण आलेला दिसला. फरक उत्साहवर्धक होता. पण दुसऱ्या गटांतील ते ६ जणही नजरेआड करण्याजोगे नाहींत. उष्णतेवांचून एकतृतीयांशाहून अधिक लोकांना गुण आला, हें त्यांनीं दाखविलें. २००१ सालीं कॅनडांत ७० रुग्णांवर झालेल्या चांचणींत चार आठवड्यांनीं थोडा फायदा दिसला, तो बारा आठवड्यांनीं उरला नाहीं.

पायांत उतरणाऱ्या कळेचा निकाल अधिक निराशाजनक आला. मोठ्या नसेच्या गांठीला ६७ अंशांची उष्णता देण्याची परीक्षा नेदरलंड्‌समधील चार केंद्रांत ८३ रुग्णांवर झाली, आणि ती २००३ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनीं खरा उपचार झालेल्यांपैकीं शेंकडा १६ जणांना गुण आला होता, तर नुसती सुई टोंचून औषध दिलेल्यांपैकीं शेंकडा २५ जणांना! या लहानशा फरकावरून उष्णतेनें अपाय झाला असें म्हणतां येत नाहीं. परंतु उपाय झाला असेंही म्हणतां येत नाहीं.

पुढें २०१७ सालीं नेदरलंड्‌समधील १६ चिकित्सालयांत मिळून ६८१ रुग्णांचा समावेश असलेल्या तीन चांचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत सर्वांकडून व्यायाम करवून घेतला होता. निम्म्यांना त्यावर विजेच्या सुईचा उपचार दिला. येथें खोटी सुई नव्हती, त्यामुळें सुईला विश्वासाचाही फायदा मिळाला असता. तरी तीन महिन्यांनंतर शून्य ते दहा या वेदनेच्या मापावर मागच्या लहान सांध्यांच्या रुग्णांत दोन गटांमधील फरक एका अंकाच्या पांचव्या भागाहूनही कमी निघाला. दुसऱ्या दोन चांचण्यांत तो एका अंकाच्या आंतच राहिला. निदान दोन अंकांचा फरक पडला तर तो रुग्णाच्या कामाचा, असें चांचणी सुरू होण्यापूर्वींच ठरविलेलें होतें.

या उपचाराचे जाणते पुरस्कर्ते यावर गप्प बसलेले नाहींत, आणि त्यांचें म्हणणें ऐकण्याजोगें आहे. ते म्हणतात : दुखणें खरोखर लहान सांध्यांचेंच आहे हें आधीं काटेकोरपणें ठरविलें पाहिजे. त्यासाठीं त्या बारीक नसेजवळ थेंबभर बधिर करणारें औषध घालून पाहतात. पण एकदांच तसें केलें तर पुष्कळ रुग्ण नुसत्या आशेनें ‘बरें वाटतें’ म्हणतात; म्हणून तें दोनदां, दोन निरनिराळ्या औषधांनीं केलें पाहिजे. शिवाय सुई नसेच्या समांतर ठेवली पाहिजे, नाहीं तर नसेचा पुरेसा भाग तापत नाहीं. २००० सालीं अमेरिकेंत डॉक्टर ड्रायफस यांनीं असे काटेकोर निवडलेले १५ रुग्ण घेतले. वर्षभरानंतर त्यांपैकीं शेंकडा ६० जणांची वेदना जवळजवळ नाहींशी झाली होती. मात्र या प्रयोगांत तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता, आणि हेंच त्याचें उणें आहे. तेव्हां नीट निवडलेल्या थोड्या रुग्णांना गुण येत असेल, ही शक्यता अजून मोडीत निघालेली नाहीं. सरसकट सर्व कंबरदुखीवर हा उपचार चालतो, हा समज मात्र टिकलेला नाहीं.

या अनिश्चितीमुळें मोठमोठ्या मंडळांचाही एकमेळ झालेला नाहीं. ब्रिटनच्या राष्ट्रीय संस्थेनें २०१६ सालच्या मार्गदर्शनांत सांगितलें कीं, इतर उपाय थकल्यावर, आणि बधिर करण्याच्या परीक्षेंत उतरलेल्या रुग्णांपुरता, सांध्यांच्या नसांवरील उपचाराचा विचार करावा. २०२५ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या मार्गदर्शनानें मात्र, कर्करोगाशीं संबंध नसलेल्या जुनाट पाठदुखीवर हा उपचार करूं नये, असा स्पष्ट कौल दिला, नसेच्या गांठीवरील उपचारालाही तोच कौल मिळाला. वेदना-चिकित्सकांच्या संघटनांनीं त्यावर हरकत घेतली. हा वाद पुढच्या चांगल्या चांचण्यांनींच मिटेल.

तशी एखादी चांचणी बीड जिल्ह्यांत करावयाची झाली तर? अंबाजोगाई येथें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि ज्या लोकांचीं कमरेचीं दुखणीं श्रमांतून उपजतात ते तर या जिल्ह्यांत गांवोगांवीं आहेत. परदेशांतील चांचण्या बहुतांशीं निराळ्या जीवनक्रमाच्या लोकांवर झाल्या आहेत. मोळी उचलणाऱ्याच्या पाठीला तो निकाल जशाचा तसा लागू पडेलच असें नाहीं. पण चांचणीही येथल्या जीवनाप्रमाणें बेतावी लागेल. दोन्ही गटांतील माणसें एकाच महिन्यांत घ्यावीं लागतील, आणि त्यांची विचारपूस एक हंगाम पुरा होईतों चालवावी लागेल. टोळ्या कारखान्या-कारखान्यांवर पांगतात. तेथें जाऊन किंवा दूरध्वनीवरून प्रत्येकाला गांठावें लागेल. जे हरवतील त्यांना ‘बरे झाले’ असें समजून चालणार नाहीं.

वेदनेचें मापही येथलेंच हवें. शून्य ते दहांच्या पट्टीवर बोट ठेवा म्हटलें तर खेड्यांतील वृद्ध माणूस घोटाळतो. पण ‘रुपयांत किती आणे फरक आहे?’ असें विचारलें कीं ‘आठ आणे’, ‘बारा आणे’ असें उत्तर तत्काळ येतें. आणे चलनांतून जाऊन किती वर्षें लोटलीं, तरी दुखण्याच्या हिशेबांत ते अजून चालतात. त्याशिवाय दिवसाला किती मोळ्या झाल्या, घागर उचलतां येते कीं नाहीं, रात्रीं कूस बदलतांना झोंप मोडते काय, हेंही विचारलें पाहिजे. बाईला हें विशेष करून विचारलें पाहिजे. कारण फडावर जाण्यापूर्वीं आणि परतल्यावर चूल, पाणी व मुलें तिचीच असतात. कोयत्यांतील एक जण बसला तर जोडीची मजुरी बुडते, म्हणून दोघांचीही कमाई नोंदली जावी.

सर्वांत नाजूक भाग संमतीचा. ‘तुमच्या पाठींत सुई जाईल, पण उष्णता मिळेलच असें नाहीं’ हें ज्याला सांगावयाचें, त्याला तें त्याच्या बोलींत, पुरेपूर समजेल असें सांगितलें पाहिजे. ही फसवणूक नव्हे. कारण दोन्ही शक्यता आधींच उघड केलेल्या असतात आणि नाहीं म्हणण्याची पूर्ण मोकळीक असते. मात्र ही मोकळीक खरी असली पाहिजे. संमति मुकादमामार्फत येतां कामा नये, किंवा फुकट उपचाराच्या लालचीनेंही येतां कामा नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या नीतिनियमांत दुर्बल स्थितींतील लोकांच्या संरक्षणाची तरतूद आहे, व प्रत्येक चांचणीवर नीतिसमितीची देखरेख असावी लागते. तसेंच २००७ सालापासून आपल्या देशांत चांचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. चांचणी सुरू होण्यापूर्वीं तींत तिची नोंद झाली म्हणजे निकाल प्रतिकूल आला तरी तो दडपून ठेवणें कठीण जातें. आणि चांचणीची किंमत तिचा निकाल लपला नाहीं तरच असते.

तोंपर्यंत ज्याची कंबर आज दुखते त्यानें काय करावें? कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं त्यांत दिरंगाई करूंच नये : लघवी वा शौचावरील ताबा जाणें, जांघेंत बधिरपणा येणें, पाऊल लुळें पडणें, कमरेबरोबर ताप येणें, वजन घटत जाणें. अशा वेळीं चकतीचा मोठा दाब, किंवा आपल्याकडे अजून आढळणारा मणक्यांचा क्षय असण्याचा संभव असतो. तेथें तात्काळ रुग्णालय गांठलें पाहिजे. हीं लक्षणें नसतील, तर पायांत उतरणारी कळ पुष्कळांची कांहीं आठवड्यां-महिन्यांत ओसरते. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षां झेपेल तेवढें चालतें-फिरतें राहणें व शिकविल्याप्रमाणें पाठीचे व्यायाम करणें हितावह, हें आतां सर्वमान्य आहे.

आणि सुईचा सल्ला कोणी दिलाच, तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारण्यांत संकोच नसावा. दुखणें सांध्याचें आहे कीं मोठ्या नसेचें? तें बधिर करून पाहिलें काय, आणि किती वेळां? गुण आला तर किती आणे, आणि किती महिने? आणि हा उपचार न केल्यास काय होईल? प्रामाणिक डॉक्टर या प्रश्नांनीं रागावत नाहीं. चौथ्या प्रश्नाचें उत्तर तर पैसे उसने काढण्यापूर्वींच मिळालें पाहिजे. कारण नस निकामी झाली तर ती पुन्हां वाढते, पण विकलेली बैलजोडी सहसा परत येत नाहीं.